आबा शेवटी बोलतात

आबांनी बोलण्याआधी घसा खाकरला आणि थोरल्या सुनेनं हात वर केला.

"आबा, थांबा. आज तुम्ही सगळ्यांच्या शेवटी बोलायचं."

लॉन्ड्रीला सुट्टी होती. बॉयलर थंड होता, धुलाईची यंत्रं तोंडं उघडी टाकून पडली होती आणि घडीच्या लांब टेबलावर चादरींच्या जागी चहाचे कप होते. या घराचे सगळे मोठे निर्णय याच टेबलावर झाले होते. जेवणाचं टेबल वर घरात होतं, पण तिथं बसलं की जो तो जेवायला लागतो, असं आबांचं म्हणणं. घडीच्या टेबलाशी माणसं ताठ बसतात.

निर्णयाची पद्धतही ठरलेली. आधी आबा बोलायचे. मग थोरला मुलगा, दादा. मग धाकटा, बापू. मग दोघी सुना. आणि शिकून हिशेब सांभाळायला लागल्यापासून सर्वांत शेवटी दादाची मुलगी चिमी. आबा जे काय बोलतील त्याला प्रत्येकजण एकच शब्द जोडायचा, "चालेल." तेवढे "चालेल" झाले की बैठक उठली. दारात उभी असलेली गुलाबी गाडी अशीच आली होती. हॉस्पिटलच्या चादरी पोचवायला नवी गाडी घ्यायची होती, आबा म्हणाले, "गुलाबी घ्या," आणि ओळीनं सगळे म्हणाले, "चालेल." तेव्हापासून दादा सिग्नलला थांबला की शेजारच्या गाडीतली पोरं त्याच्याकडे बघून दात काढायची.

आजचा प्रश्न गाडीपेक्षा मोठा होता. शहराच्या पलीकडच्या टोकाला उघडलेल्या नव्या हॉस्पिटलचं काम चालून आलं होतं. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे गाऊन, सगळं. काम सोमवारी सकाळपासून सुरू करायचं आणि आज पाच वाजता तिथल्या मेट्रनबाईंचा फोन आला की हो किंवा नाही सांगून टाकायचं. सकाळची पाळी म्हणजे घडीच्या टेबलावर थोरली. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, ते सगळ्यांना माहीतच होतं. आणि सोमवारी सकाळीच थोरलीची परीक्षा सुरू होत होती. पन्नाशीला टेकल्यावर हट्टानं कॉलेजात नाव घातलेल्या थोरलीचं हे पहिलं वर्ष. पेपर बुडाले की वर्ष बुडालं. सकाळचं कॉलेज आणि सकाळची पाळी एकत्र काही नांदायची नाही, त्यामुळे पुढच्या वर्षांवरही पाणी सोडल्यात जमा होतं.

"शेवटी?" आबांनी विचारलं. त्यांना राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. "आणि तोवर मी काय करू?"

"ऐका."

"झालं," दादा खुर्चीत मागे रेलला. "प्राध्यापिकाबाई सुरू झाल्या."

"थट्टा करा, पण ऐका," थोरली म्हणाली. "आम्हाला मानसशास्त्रात पहिल्याच महिन्यात शिकवलंय. चार माणसांनी ओळीनं एक उत्तर दिलं ना, तर ते चुकीचं आहे हे डोळ्यांना दिसत असूनही पाचवा बरेचदा तेच उत्तर देतो. एकटं पडायला नको म्हणून. साधी कुठली रेघ लांब, कुठली आखूड, एवढं विचारलं तरी."

"आपण काय रेघा मोजायला बसलोय?"

"नाही. आपण गाडीचा रंग निवडतो."

बापूला फस्सकन हसू आलं आणि त्यानं घाईघाईनं कपात तोंड घातलं. बॉयलर आणि यंत्रं बघणारा हा माणूस एरवी आठवड्यात जेवढा बोलायचा, तेवढं एखादं यंत्रसुद्धा सहज बोलून गेलं असतं.

थोरलीनं नियम सांगितले. सर्वांत धाकट्यानं आधी बोलायचं, मग वयानं चढत जायचं. प्रत्येकानं कारण द्यायचं. आणि आजच्यापुरती "चालेल" या शब्दाला बंदी.

"मग बोलायचं काय?" बापूनं अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

थोरलीला आत्मविश्वास होता, आणि तो उगाच नव्हता. सर्वांत धाकटी चिमी. तिची लेक. रोज रात्री जेवल्यावर आईची उजळणी घेणारी, आईचा निबंध वाचून स्वतःच्या मैत्रिणींना फोनवर कौतुक सांगणारी. पहिलं मत आपल्या बाजूनं पडलं की बाकीच्यांना बोलायला बळ येईल, असा थोरलीचा साधा हिशेब होता.

"काम घ्यायचं," चिमी म्हणाली.

दादानं विजयी मुद्रेनं आबांकडे पाहिलं.

"कारण दे," थोरली म्हणाली. आवाज तिनं ताब्यात ठेवला.

"कारण काम चांगलं आहे. अर्धी यंत्रं दुपारपर्यंत रिकामी असतात, ती चालतील. आणि आई, असं बघू नकोस माझ्याकडे. मी काम घ्या म्हटलं. तू कॉलेज सोड असं कुठं म्हटलं?"

"एकच झालं ते," दादा म्हणाला.

"एकच कसं झालं, बाबा? आई गेल्या आठवड्यात तर्कशास्त्राचं घोकत होती ना? दोन गोष्टी कायम जोडीनं दिसल्या म्हणून एकीवाचून दुसरी होतच नाही असं नसतं. सकाळची पाळी आणि आई आपल्याला कायम जोडीनं दिसतात. म्हणून आपण एकाच प्रश्नावर भांडतोय. प्रश्न दोन आहेत. काम घ्यायचं का, आणि टेबलावर कोण."

थोरलीला लेकीचा राग आला आणि त्याच दमात अभिमानही वाटला. हे आपल्याला का सुचू नये, असंही वाटलं.

"आणि टेबलावर कोण? तू?" दादानं विचारलं.

"मी घडी घातलेली चादर बघितलीय तुम्ही. गाठोडं असतं ते."

आता पाळी धाकट्या जावेची होती.

धाकटीला ही बैठक पाठ होती. तिचा नंबर येईपर्यंत चहा निवलेला असायचा. आधीच्या चौघांचं होईतो तिनं साय धरलेला चहा बघत बसायचं आणि मग म्हणायचं, चालेल. आज तिच्यापुढचा कप वाफाळत होता आणि सगळे तिच्याकडे बघत होते. तिला ते इतकं अनोळखी वाटलं की क्षणभर आपल्या मागं कुणी उभं आहे की काय असं वाटून गेलं.

लग्न होऊन आली त्या पहिल्या महिन्यात ती इस्त्रीच्या हॉलमध्ये घेरी येऊन पडली होती. आबा म्हणाले होते, "पोरगी नाजूक आहे, हिला वाफेत नको." सगळे चालेल म्हणाले आणि धाकटीची रवानगी पुढच्या काउंटरवर झाली. तिथं काचेमागं बसून गिऱ्हाइकांचे शर्ट आणि पडदे घ्यायचे, पावत्या द्यायच्या. काचेपलीकडे घडीचं टेबल, टेबलाशी थोरली. घरात काही जड उचलायचं असलं की कुणीतरी म्हणायचंच, "तिला नको सांगू." माहेरी हंडे वाहिलेली बाई या घरात काचेचं भांडं झाली होती.

"सकाळी टेबलावर मी उभी राहते," धाकटी म्हणाली.

"तू?" हा बापू होता, तिचा नवरा. "अगं, तुला वाफ सोसत नाही."

"भरल्या कामात घेरी आली म्हणजे?" दादा म्हणाला. "गाऊन सांभाळायचे की हिला?"

थोरलीच्याही तोंडाशी तेच आलं होतं. अगं, तुला नाही जमायचं. किती मायेनं म्हटलं असतं तिनं! शब्द ओठावर असतानाच तिला आरोग्यशास्त्राची चाचणी आठवली. घेरी आलेल्या माणसाला आधी काय विचारावं, या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी मार्क होते. पूर्वी असं झालं होतं का, पाणी किती प्यायलात, शेवटचं कधी खाल्लंत. बाईंनी वर्गात तिचं उत्तर वाचून दाखवलं होतं. आणि स्वतःच्या जावेला तिनं यातलं अक्षरानं विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी तू काय खाल्लं होतंस?" तिनं विचारलं.

"कुठल्या?"

"घेरी आली त्या दिवशी."

धाकटीनं कप खाली ठेवला. "काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही, ताई. सकाळी सगळे घाईत होते. जो तो उभ्या उभ्या घेऊन खात होता. मी नवी. वाटलं, कुणीतरी म्हणेल, बस, खाऊन घे. दुपारीही तसंच झालं. आदल्या दिवशी मी लाजून नीट जेवले नव्हते."

"अगं, मग सांगायचंस की!" बापूचा आवाज चढला.

"शुद्धीवर आले तोवर आबांचं बोलून झालं होतं."

आबा समोरच्या बिस्किटांच्या बशीकडे बघत राहिले.

"मला तरी सांगायचंस," बापू आता हळू बोलत होता. "मी नवरा ना तुझा?"

"तुम्ही चालेल म्हणाला होतात."

ती चिडून बोलली असती तर बापूला सोपं गेलं असतं. ती नुसती सांगत होती.

"मीही तिथंच उभी होते," थोरली म्हणाली. "एकदा आलेल्या घेरीवरून आपण सगळ्यांनी हिच्या जन्माचा नियम करून टाकला. एवढ्याशा पुराव्यावर मी पेपरात निष्कर्ष काढला ना, तर बाई भोपळा देतील."

हे ती मोठ्यानं बोलली. जे मोठ्यानं बोलली नाही ते तिला जास्त टोचलं. धाकटी नाजूक आहे हे थोरलीला सोयीचंच होतं. टेबल एकटीचं होतं. हॉस्पिटलांतून फोन यायचे, "थोरल्या बाई आहेत का?" आणि ते ऐकायला तिला आवडायचं. आपल्यावाचून अडतं म्हणून कुरकुरण्यातही सुख असतं आणि ते तिनं भरपूर भोगलं होतं.

"सगळं खरं," दादा म्हणाला, "पण मेट्रनबाई काम आपल्या घराला नाही, चिमीच्या आईच्या घडीला देतायत. ऑपरेशनचा गाऊन म्हणजे उशीचा अभ्रा नाही."

तो खोटं बोलत नव्हता. गाऊन उलटा करून त्याची अशा बेतानं घडी घालायची की डॉक्टरांनी हात घातले की ते आतूनच बाह्यांत गेले पाहिजेत, बाहेरच्या बाजूला बोटही लागता कामा नये. घडी चुकली की गाऊन परत, आणि असे चार गाऊन परत आले की कामही परत.

धाकटी उठली. फळीवरचा एक गाऊन तिनं घेतला, झटकला, उलटा केला आणि टेबलावर पसरला. कप बाजूला सरकले. तिनं घडी घातली आणि पाठीशी बांधायचे बंद बाहेरच लोंबकळत राहिले. थोरलीचा हात आपोआप पुढं गेला.

"आई," चिमी म्हणाली.

थोरलीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आयुष्यात कुठल्या परीक्षेनं तिला एवढा घाम फोडला नव्हता. धाकटीनं गाऊन मोडला, पुन्हा पसरला. या खेपेला हळू, पण न थांबता. खांदे, बाह्या, बंद आत, मग तीन पट.

"कुठं शिकलीस?" थोरलीनं विचारलं.

"काचेतून. दुसरं बघायला होतं काय मला तिथं?"

बापूनं उठून घडीत हात घातले. हात सरळ बाह्यांत गेले. गाऊन चढवून, हात पुढं धरून तो डॉक्टरसारखा उभा राहिला. "चला," तो म्हणाला, "कुणाला कापायचंय?"

दादासुद्धा हसला.

"तुझी पाळी आहे, काका," चिमीनं आठवण करून दिली.

"मी हिच्या बाजूनं," गाऊन न काढताच बापू म्हणाला. "कारण... कारण मला लाज वाटतेय. कारण म्हणून चालतं का हे, वहिनी?"

"पळतं," थोरली म्हणाली.

मग ती स्वतः बोलली. ती बोलणं तयार करून आली होती. त्यात घराचा फायदा होता, शिक्षणाचं महत्त्व होतं, एक-दोन व्याख्याही होत्या. ते सगळं तिनं सोडून दिलं.

"मला परीक्षा द्यायची आहे. घरासाठी नाही, कुणाला धडा शिकवायला नाही. मला तिथं आवडतं. समाजशास्त्राचे सर विचारतात, कुटुंब म्हणजे काय, आणि वर्गातली सगळी पोरं खाली माना घालतात. मला एकटीला उत्तर येत असतं आणि बोलायला लागले की कळतं, येत नाही. मग घरी येईपर्यंत विचार करते. मला इतकं बरं कशानंच वाटलेलं नाही. मला पहिल्या वर्गात पास व्हायचंय. सोमवारी मी जाणार."

शेवटचं वाक्य तिनं ठरवलं नव्हतं. ते आपसूक आलं आणि ते खरंच होतं.

आता दादा. त्यानं आधी टेबलावरचा कप उगाच सरळ केला.

"मला नाही आवडत," तो म्हणाला. "कारण हवंय ना? देतो. ही कॉलेजात जायला लागल्यापासून मी काहीही केलं तरी त्याला नाव असतं. मी ओरडलो तर त्याला नाव, गप्प बसलो तर त्याला नाव. त्या दिवशी संध्याकाळी मी नुसता बसलो होतो. ही म्हणाली, तुमचा भूमिका-संघर्ष चाललाय. माझं डोकं दुखत होतं!"

चिमी तोंडावर हात दाबून वाकली.

"हसू नकोस. मी हिचा नवरा आहे, धडा नाही."

दादाच्या विरोधामागं तिनं मालकी शोधली होती, परंपरा शोधली होती, दोन्हींवर टिपणंही काढली होती. याला साधं वाईट वाटत असेल, हे तिच्या एकाही टिपणात नव्हतं.

"खरं आहे तुमचं," ती म्हणाली. "चुकलं माझं. जेवताना नाही करणार."

"आणि गाडीत."

"गाडीतही नाही."

"आणि डोकं दुखत असलं की गोळी द्यायची. नाव नाही."

"गोळी देईन."

"मग दे परीक्षा," दादा म्हणाला. "टेबलाचं मी धाकटीवर सोपवतो. पण पहिले दोन-चार दिवस घडी मी स्वतः बघून गाडीत भरणार. ही माझी अट."

"बघा," धाकटी म्हणाली. "मीही तुम्हाला गाडी भरताना बघेन."

सगळे आबांकडे वळले.

आबांच्या आयुष्यात सगळे बोलून झाल्यावर बोलण्याची वेळ कधी आलीच नव्हती. सकाळी दाढी करतानाच त्यांचं वाक्य तयार होतं: काम घ्या, थोरली टेबलावर, परीक्षा काय पुढच्या वर्षी. ते वाक्य कधीचं त्यांच्या घशात बसून होतं. इतक्या वेळात त्यांनी पाच माणसांची बोलणी ऐकली होती आणि त्यातलं निम्मं त्यांना ठाऊकच नव्हतं. धाकटी उपाशी होती. दादाचं डोकं दुखत होतं. थोरलीला वर्गात उत्तर येत नाही आणि त्याचा तिला आनंद होतो. वाक्य आता शिळं झालं होतं आणि दुसरं तयार नव्हतं.

"चालेल," आबा म्हणाले.

एकच गलका झाला.

"आबा, बंदी आहे!"

"कारण द्या, कारण!"

आबांनी हात वर केला. ते दाराबाहेर उभ्या गाडीकडे बघत होते.

"ती गाडी," ते म्हणाले. "मी गंमत केली होती."

"काय?" दादा म्हणाला.

"दुकानात त्यानं रंगांचे नमुने मांडले होते. त्यात तो एक भयंकर गुलाबी. घरी येऊन मी म्हटलं, गुलाबी घ्या. वाटलं, कुणीतरी हसेल. दादा तरी म्हणेल, आबा, डोकं ठिकाणावर आहे ना? तर तुम्ही ओळीनं चालेल म्हणालात. मला वाटलं, या लोकांना खरंच आवडला की काय रंग."

"आबा!" दादा जवळजवळ ओरडला. "पोरं हसतात मला! सांगायचं नाही का?"

"कधी सांगणार? माझी पाळी तर आधीच होऊन गेलेली असते." आबा थांबले. "तुमची आई होती तोवर ठीक होतं. खोलीत गेलो की ती सांगायची, याला हे आवडलं नाही, ती त्यावरून रुसलीय. मग दुसऱ्या दिवशी मी आपला निर्णय बदलल्यासारखं करायचो. ती गेली आणि मला काही कळेनासं झालं. मी बोलतो, तुम्ही हो म्हणता. सगळ्या घरात एकटा मी बोलतो आणि कुणाला काय वाटतं हे एकट्या मला कळत नाही. कंटाळलो होतो मी."

दादानं मान खाली घातली. बापूच्या अंगावर अजून गाऊन होता आणि तो काढायचं त्याला सुचत नव्हतं. थोरलीचे डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत.

"आज बरं वाटलं," आबा म्हणाले. "हे माझं कारण. काम घ्या. टेबल धाकटीचं. थोरलीला सोमवारी कॉलेजात मी सोडायला येणार, आणि त्या गाडीतूनच. हसू देत काय हसायचं ते."

टेबलाच्या टोकाला मोबाइल वाजला. इतक्या वर्षांच्या सवयीनं सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी फोन उचलून धाकटीपुढं धरला. तिनं हात पुढं केला तसा त्यांनी तो जरा मागं घेतला आणि दुसऱ्या हातानं बिस्किटांची बशी तिच्यापुढं सरकवली.

"आधी खा," ते म्हणाले.

"आबा, फोन वाजतोय."

"वाजू दे. खा."

धाकटीनं एक बिस्कीट अख्खंच तोंडात टाकलं. सगळे बघत होते. फोन वाजत होता. बिस्कीट जाता जात नव्हतं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते बिस्किटामुळे की कशामुळे, हे कुणी विचारलं नाही. तिनं चहाचा घोट घेतला. तो अजून गरम होता.

"हॅलो," ती म्हणाली. "नाही, थोरल्या बाई नाहीत बोलायला. त्यांची परीक्षा आहे. टेबलावर आता मी असते. हं, सांगा."